गुळवेल : अभिमानाला परीक्षेची जोड हवी

(सोलापूर येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



सोलापूरच्या कोरड्या हवेत कडुनिंबाला तोटा नाही आणि कडुनिंबावर चढणाऱ्या गुळवेलीलाही नाही. आयुर्वेदाने या वेलीला गुडूची म्हटले, अमृता म्हटले. ज्वर, कावीळ, वातरक्त अशा विकारांत तिची योजना सांगितली. कोविडच्या काळात घरोघरी तिचे काढे उकळू लागले. म्हणूनच तिची महती आणि तिच्या मर्यादा या दोहोंचा विचार आज एकत्र करायचा आहे.

प्रथम महतीचा पुरावा पाहू. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी आयुर्वेदातील वनस्पती आधुनिक औषधशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहिल्या. डॉ. निर्मला रेगे, डॉ. रवी बापट आणि डॉ. डहाणूकर आदींचा एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. कर्करोगामुळे पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या ३० रुग्णांचे त्यात दोन गट केले होते. नेहमीचे उपचार दोन्ही गटांना मिळाले. एका गटाला त्याबरोबर गुळवेलही दिली गेली. गुळवेल न घेतलेल्या गटात निम्म्या रुग्णांच्या रक्तात जंतुदोष पसरला, गुळवेल घेतलेल्यांत एकाच्याही नाही. शस्त्रक्रियेनंतर वाचलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४० आणि ९२.४ टक्के होते.

अभ्यास लहान होता, तरी त्याची शिस्त पाहण्याजोगी आहे. मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे १६ मिलिग्रॅम अशी निश्चित होती. रुग्ण कोण आणि औषध किती काळ द्यायचे, तेही ठरलेले होते. यकृताचे कार्य दोन्ही गटांत सारखेच राहिले. सुधारली ती पांढऱ्या पेशींची जंतू गिळण्याची व मारण्याची शक्ती. हेही संशोधकांनी प्रांजळपणे नोंदवले.

आता दुसरी बाजू. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत डॉ. आभा नागरल व त्यांच्या सहकाऱ्यांना यकृताला इजा झालेले असे ६ रुग्ण आढळले, की ज्यांनी गुळवेल घेतली होती. त्यांपैकी एक महिला दगावली. तिला आधीपासूनच यकृताचा छुपा विकार होता. हा वृत्तांत २०२१ मध्ये प्रसिद्ध होताच आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की, रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती का, याची खातरजमा झालेली नाही. आक्षेप गैरलागू नव्हता. परंतु विषय तेथे संपला नाही. २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांमधील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सेवन सुरू केल्यावर साधारणतः दीड महिन्याने त्रास दिसू लागला होता आणि अनेकांमध्ये स्वप्रतिकारजन्य यकृतविकार, म्हणजे शरीराची संरक्षक शक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटण्याचा आजार, उघड झाला.

हा परकीय औषध कंपन्यांचा डाव आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण हे डॉक्टर आपले आहेत आणि रुग्णही आपलेच आहेत. शिवाय जी वेल संरक्षक शक्तीला चेतवते, तीच वेल त्या शक्तीच्या उलटण्याने आजारी असलेल्यास अपाय करू शकेल, हे तर्काला धरूनच आहे. आणखी एक धोका लक्षात घ्या. गुळवेल हे काविळीचे औषध म्हणून प्रसिद्ध. तेव्हा ती घेता घेता डोळे पिवळे झाले, तर भाबडेपणाने काढा वाढवला जाण्याची भीती आहे.

आपल्या परंपरेने असा भाबडेपणा कधी शिकवला नाही. नीट न ओळखलेले औषध विषासारखे घातक ठरते आणि योग्य योजनेने विषाचेही औषध होते, असा चरकाचार्यांचा आशय आहे. देश, काल, वय, प्रकृती व मात्रा पाहिल्याविना वैद्य औषध देत नसे. ऑक्टोबर २०२० च्या आयुष उपचार-संहितेतही गुडूची घनवटीची मात्रा आणि मुदत नमूद होती. घरोघरी मात्र मात्रा विसरली गेली आणि मुदतही.

म्हणून काही पथ्ये सांगतो. वेल जाणकाराकडून ओळखून घ्यावी. खरी गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया; तिच्यासारखीच दिसणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात व त्यातून दुधट चीक येतो. यकृताचा विकार, संधिवातासारखे स्वप्रतिकारजन्य आजार वा थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी, मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, तसेच गर्भवतींनी वैद्याच्या सल्ल्याविना ती घेऊ नये. कोणीही ती महिनोन्महिने स्वतःच्या मनाने घेऊ नये. भूक मंदावली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे झाले, तर काढा तत्काळ थांबवून यकृताची तपासणी करावी आणि काय घेतले ते डॉक्टरांपासून लपवू नये.

अखेरचे आवाहन वैद्यमंडळींना. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी राष्ट्रीय यंत्रणा आहे. तिच्याकडे नोंद करणे हा आयुर्वेदाचा द्रोह नव्हे. सोलापुरात शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालय आहे, तसेच डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. दोन्हीकडच्या मंडळींनी एकत्र बसून या जिल्ह्यातील वेल तपासावी, रुग्णांच्या नोंदी ठेवाव्यात. डॉ. डहाणूकरांनी हा मार्ग केव्हाच दाखवून दिला आहे. अमृता हे नाव पूर्वजांनी दिले; ते सार्थ ठेवण्याचे दायित्व आता आपले आहे.