वेसाव्याची मोकळी जागा

वेसाव्याच्या कोळीवाड्याकडे भर दुपारी जाणाऱ्या नवख्या मनुष्यास किनाऱ्यावर ओसाड जागाच काय ती दिसावयाची. आणि मुंबईसारख्या नगरीत ओसाड जागा दिसली की तिजवर इमला उठविण्याची कल्पना कोणास सुचणार नाही? परंतु ती जागा ओसाड नव्हे. पावसाळा सरला म्हणजे तेथेच बांबूंना ताणलेल्या दोरांवर बोंबील वाळतात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात फाटकी जाळी तेथेच पसरून सांधली जातात. इमारतीच्या दहाव्या मजल्यावर ही कामे व्हावयाची नाहीत, हे सांगण्यास विद्वत्ता नको!

किनारा-नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांचा स्वतंत्र उल्लेख झाला. १९८१ चा विकास आराखडा अथवा शासनाचे दप्तर पाहून त्यांचे नकाशे करावेत, असे तीत होते. पुढे २०१९ साली नवी अधिसूचना निघाली. परंतु नकाशात घरे आली म्हणजे कोळीवाडा आला, ही समजूत घातक होय. घर राहिले आणि वाळवणाची जागा गेली, तर कोळिणीने टोपलीत काय घेऊन बाजारात बसावे? मोजणीदाराने एखाद्या वृद्ध तांडेलास बरोबर घ्यावे, आणि मासळी उतरते तेथपासून वाळवणाच्या शेवटच्या बांबूपर्यंत साखळी टाकावी.