‘साहेबांना पाठवा’ : आपली गाडी, आपला ब्रेक
(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



बायकांच्या शिबिरात ब्रेकचा विषय कशाला, असं काहींना वाटलं असेल. आपल्या संस्थेची जुनी व्हॅन तुम्ही पाहिली आहे. मारहाण झालेल्या बाईला रात्री-अपरात्री आणायचं तर तीच.

गेल्या पावसाळ्यात ब्रेकवरून पाय काढला तरी ती डावीकडे ओढायची. गॅरेजमध्ये सांगितलं, तर मिस्त्री म्हणाला, “ताई, तुम्हाला तसं वाटतंय. साहेबांना पाठवा.” एम.एस.डब्ल्यू.ला ब्रेक शिकवत नाहीत. मी गप्प बसले. आठवड्याभरात एका बाईला दोन लेकरांसह आणताना डावं पुढचं चाक तापून जळका वास सुटला. चाक निवेपर्यंत आम्ही अंधारात थांबलो. मागून तिच्या नवऱ्याची मोटारसायकल येईल, या धास्तीनं ती पोरांना बोलूही देत नव्हती.

दोष निघाला होज पाइपचा. ब्रेकचं ऑइल लोखंडी नळ्यांतून जातं. पण चाक वळतं, वरखाली होतं, म्हणून चाकाजवळ रबरी पाइप असतो. तो जुना झाला की आतून फुगतो. पेडल दाबल्यावर ऑइल चाकाकडे जातं, पण परत येत नाही. चाक धरलेलंच राहतं. वरून पाइप धडधाकट दिसतो.

आता स्वतः बघायला शिका. गाडी सपाट जागी लावा, चाकांना अडण लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नका. बॅटरीच्या उजेडात पाइप थोडा वाकवून पाहा. भेगा, फुगवटा, ओल, घासल्याच्या खुणा, यांतलं काहीही दिसलं तर पाइप बदलायचा. डावा गेला तर उजवाही बदला. तोही तेवढाच जुना असतो.

बदलण्याचं काम जाणकाराकडूनच करून घ्या, पण शेजारी उभ्या राहा. लोखंडी नळी पिळू नये म्हणून दोन पाने लागतात. जिथे तांब्याचे वॉशर असतात, तिथे नवेच घालायचे. पाइपाला पीळ राहता कामा नये. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून तो चाकाला घासत नाही ना, ते पाहायचं. मग हवा काढायची. ब्रेक ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचंच, सीलबंद डब्यातलं. इंजिन ऑइल चुकूनही नाही, त्यानं रबर खराब होतं. शेवटी पेडल घट्ट लागलं, कुठे गळती नाही, हे पाहूनच गाडी रस्त्यावर काढा.

आम्ही दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो. मी सगळं विचारलं, त्यानं सगळं दाखवलं. काढलेला पाइप मी आणला आहे. आता तो हातोहात फिरवा, वाकवून बघा. आणि जेवणानंतर सगळ्याजणी व्हॅनपाशी या.