घड्याळाआधी बाईकडे बघा

(नर्सिंगच्या विद्यार्थिनी आणि महिला संघटनांच्या कार्यकर्त्या यांच्या एकत्र बैठकीत केलेलं भाषण)

मैत्रिणींनो,

औषध देण्याचे पाच नियम आत्ता तुम्ही एका सुरात म्हणून दाखवलेत. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. विद्यार्थिनी असताना मीही असेच म्हणायचे. आणि हे पाचही नियम पाळून मी एका बाईला मरणाच्या दारात नेऊन ठेवलं होतं. आज तेच सांगायला उभी आहे.

१९९६ साल. मी तिसऱ्या वर्षाला होते. एका सरकारी रुग्णालयात बाळंतिणींच्या वॉर्डात रात्रपाळी. मी एकटी, जोडीला एक मावशी, आणि खाटांवर व जमिनीवर मिळून चाळीसेक बाया. त्यांत एकोणीस वर्षांची एक पहिलटकरीण होती. रक्तदाब वाढून तिला झटके आले होते. मॅग्नेशियम सल्फेट चालू होतं. आदल्याच वर्षी, १९९५ मध्ये, एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला होता. भारतातल्या बायाही त्यात होत्या. डायझेपामच्या तुलनेत मॅग्नेशियमने पुन्हा झटके येण्याचं प्रमाण निम्म्यावर येतं, हे त्यातून दिसलं. औषध स्वस्त आणि गुणाचं. पण हाताळायला नाजूक.

दर चार तासांनी ५ ग्रॅम, कमरेच्या आलटून पालटून बाजूला, खोल स्नायूत. रात्री दोनचा डोस होता. मी केसपेपरवरचं नाव ताडून पाहिलं. अँप्यूल वाचली. ५० टक्क्यांची, २ मिली म्हणजे १ ग्रॅम, म्हणून पाच अँप्यूल. बरोबर दोनला इंजेक्शन दिलं आणि चार्टवर लिहिलं, श्वास १८.

मैत्रिणींनो, तो श्वास मी मोजलाच नव्हता. आमच्या वॉर्डात सगळ्यांचा श्वास १८ असायचा. (हशा) हसताय, कारण तुमच्याही वॉर्डात तसाच असतो.

अर्ध्या तासाने मावशी आल्या. "सिस्टर, त्या पोरीला जरा बघा. हाकेला ओ देत नाही."

"गुंगी असते मावशी औषधाची. मला काम आहे."

त्या हलल्या नाहीत. "गुंगी कसली? छाती हलायला किती वेळ लागतोय, ते तरी बघा."

मी गेले. घड्याळ धरून पूर्ण मिनिट मोजलं. आठ. गुडघ्यावर हातोडी मारली, पाय हलला नाही. पिशवीत चार तासांची लघवी जेमतेम ४० मिली. उतारा म्हणजे कॅल्शियम ग्लुकोनेट, ते कुलूपबंद कपाटात आणि किल्ली दुसऱ्या मजल्यावर. मावशी अनवाणी धावल्या. मी पिशवीने श्वास देत राहिले. डॉक्टरांनी १० टक्क्यांचं १० मिली शिरेतून सावकाश दिलं. पोरगी वाचली.

आता नीट ऐका. मॅग्नेशियम शरीराबाहेर जातं ते मूत्रपिंडावाटे, आणि या आजारात मूत्रपिंडच दुबळं झालेलं असतं. लघवी कमी झाली की औषध रक्तात साठतं. मग आधी गुडघ्याचा झटका जातो, नंतर श्वास मंदावतो, शेवटी हृदय थांबतं. म्हणजे शरीर आधी इशारा देतं. म्हणून प्रत्येक डोसच्या आधी तीन गोष्टी बघायच्या. गुडघा उडतो का? श्वास मिनिटाला १६ तरी आहे का? चार तासांत निदान १०० मिली लघवी झाली का? यातलं एकही कमी असेल तर डोस थांबवायचा आणि डॉक्टरांना बोलवायचं. कॅल्शियम खाटेजवळच्या ट्रेमध्ये हवं, कुलपात नव्हे.

योग्य वेळ घड्याळात दोन वाजली होती. त्या पोरीच्या शरीरात ती झालीच नव्हती.

"तू डॉक्टर आहेस का?" असं तुम्हाला विचारलं जाईल. सांगा, "नाही सर, म्हणूनच तुम्हाला बोलावलंय. गुडघा उडत नाही, डोस थांबवला आहे." हे वाक्य पाच नियमांसारखंच पाठ करा. आणि मग ते वेळेसकट कागदावर लिहा. तोंडी ऑर्डर मिळाली तर ती परत म्हणून दाखवा, लिहून घ्या.

सकाळी काय झालं, तेही सांगते. इन्चार्ज सिस्टरांनी चार्ट बदलला. नव्या कागदावर श्वास १६ झाला. "ऑर्डर होती, तू पाळलीस, विषय संपला. तुझं वर्ष वाया जाईल," त्या म्हणाल्या. मला वाचवायला म्हणूनच म्हणाल्या. मी गप्प बसले. त्या पोरीला, तिच्या आईला कुणीच काही सांगितलं नाही. पुढच्या तुकडीच्या मुलींनाही नाही. किल्ली दुसऱ्या मजल्यावरच राहिली. चुकीपेक्षा ही चूप मला जास्त सलते.

आता कार्यकर्त्या मैत्रिणींशी बोलते. दवाखान्यात बाई दगावली की आपण मोर्चा नेतो, तो न्यायलाच हवा. पण आपली पहिली मागणी असते नर्सच्या निलंबनाची. नर्स निलंबित होते, फाईल बंद होते आणि बाकीच्या जणी चार्टवर १८ लिहीत राहतात. आपण हेही विचारलं पाहिजे. त्या रात्री किती बायांमागे किती नर्सेस होत्या? उतारा कुठे होता? मूळ कागद कुठे आहे? चूक कबूल करणारीला शिक्षा आणि लपवणारीला अभय, हा न्याय आहे का? आणि बायांनाही सांगा, की हे कसलं इंजेक्शन आहे, हे विचारायचा त्यांना हक्क आहे.

ज्या मावशींमुळे ती पोर वाचली, त्यांना श्वास मोजता येत नव्हता. त्यांना वॉर्डात कुणी काही विचारतही नसे. पण त्या बाईकडे बघत होत्या. मी घड्याळाकडे बघत होते.

आज रात्री तुमच्यापैकी कितीतरी जणी ड्यूटीवर असाल. पहिल्या खाटेपाशी थांबा आणि एक पूर्ण मिनिट मोजा. जो आकडा येईल, तोच लिहा.