आफ्रिकेतील शाळा : माप कोणाचे?



आफ्रिकेतील शिक्षणाविषयी आपल्याकडे जे काही थोडे बोलले वा लिहिले जाते, ते बहुधा एकवचनी असते. ५४ सार्वभौम राष्ट्रे, शेकडो भाषा, इंग्रज, फ्रेंच, पोर्तुगीज व बेल्जियन अशा निरनिराळ्या सत्तांनी मागे ठेवलेल्या निरनिराळ्या शाळा, हे सर्व 'मागासलेला खंड' या दोन शब्दांत गुंडाळून ठेवण्याची सवय जुनीच आहे. अलीकडे त्या सवयीत एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. देशोदेशींच्या मुलांच्या चाचण्या घेऊन त्यांचे गुणानुक्रम लावले जातात आणि घोड्यांच्या शर्यतीचा निकाल वाचावा तसे ते वाचले जातात. तुलना करूच नये असे नाही. तुलनेवाचून सरकारांना जाब विचारता येत नाही, आणि ज्यांना जाब विचारला जात नाही अशी सरकारे शाळांचे काय करतात हे घरच्या अनुभवावरून ठाऊक आहेच. परंतु तागडी कोणाच्या हाती आहे आणि वजने कोणती वापरली आहेत, हे आधी पाहणे कार्यकर्त्याचे कर्तव्य होय.

पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील १५ शिक्षणखात्यांनी मिळून 'सॅकमेक' नावाची एक संघटना १९९५ साली उभी केली. सहावीतील मुलांचे वाचन व गणित ती तपासते. तिच्या २००७ सालच्या पाहणीत सरासरीचा आकडा ५०० धरला होता. वाचनात सर्वांत वर कोण आले? श्रीमंत बोट्स्वाना नव्हे, विद्यापीठांनी गजबजलेली दक्षिण आफ्रिकाही नव्हे. ५७८ गुणांनी पहिला आला तो टांझानिया. बोट्स्वाना ५३५ वर थांबला आणि संपन्न दक्षिण आफ्रिका ४९५ वर, म्हणजे सरासरीच्याही खाली, राहिली. गणितात मॉरिशस ६२३ गुणांनी इतरांच्या फार पुढे होता. मॉरिशसशी मराठी माणसाचे नाते आहे. ऊसमळ्यांवर राबावयास गेलेल्यांच्या वंशजांना तेथील सरकारी प्राथमिक शाळांत आजही मराठी हा विषय घेता येतो. माध्यमिक शिक्षण त्या बेटावर १९७७ पासून निःशुल्क झाले आणि त्यामागे मे १९७५ मधील विद्यार्थ्यांचे आंदोलन होते. मात्र तेथील गणिताच्या यशात खाजगी शिकवण्यांचा वाटा मोठा आहे, आणि शिकवणीची फी निःशुल्क शाळेच्या हिशेबात कोठेच दिसत नाही.

टांझानियाच्या पहिल्या क्रमांकाकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण त्याच देशाविषयी दुसरा एक दाखला नेमका उलट बोलतो. २००९ साली केनिया, युगांडा आणि टांझानिया या तीन देशांत 'उवेझो' नावाची पाहणी सुरू झाली. उवेझो म्हणजे स्वाहिली भाषेत क्षमता. या पाहणीची रीत मुंबईत जन्मलेल्या 'प्रथम' संस्थेच्या 'असर' या वार्षिक पाहणीवरून घेतलेली होती: शाळेत न जाता घरोघरी जावयाचे, मूल शाळेत असो वा नसो, त्याच्यापुढे दुसरीच्या पातळीचा उतारा व साधी गणिते ठेवावयाची. २०११ च्या सुमारास या पाहणीने दाखविले, की या तीन देशांत तिसरीतील १० मुलांपैकी ३ मुलांनासुद्धा दुसरीच्या पातळीची चाचणी पुरती देता येत नव्हती.

मग खरे कोणते? दोन्ही. सॅकमेकने मोजली ती सहावीपर्यंत पोचलेली मुले. वाटेत गळालेल्यांचा त्या यादीत पत्ता नाही. शिवाय ५०० ही सरासरी त्या देशांतील मुलांच्याच कामगिरीवरून ठरविलेली. रांगेत पहिला कोण हे तिच्यावरून कळते, रांग कोठे उभी आहे हे कळत नाही. आणि एक गोष्ट तर क्रमवारी छापणारे हटकून विसरतात. बहुतेक देशांतील मुलांनी ही चाचणी इंग्रजीत दिली, मोझांबिकमधील मुलांनी पोर्तुगीजमध्ये. टांझानियातील मुलांनी ती स्वाहिलीत दिली. ज्या भाषेत ती मुले शिकली, खेळली, भांडली, त्याच भाषेत त्यांची परीक्षा झाली.

हे स्वाहिली माध्यम आपोआप आले नव्हते. त्यामागे ज्युलियस न्येरेरे यांचे राजकारण होते. न्येरेरे स्वतः शिक्षक. लोक त्यांना अखेरपर्यंत 'म्वालिमू', म्हणजे गुरुजी, म्हणत. शेक्सपिअरची दोन नाटके त्यांनी स्वाहिलीत उतरविली. फेब्रुवारी १९६७ च्या अरुशा घोषणेने समाजवादाचा मार्ग स्वीकारल्यावर महिनाभरातच त्यांनी 'स्वावलंबनासाठी शिक्षण' हे टिपण प्रसिद्ध केले. वसाहतकाळातील प्राथमिक शाळा ही केवळ माध्यमिक शाळेची दिंडी होती; ज्या बहुसंख्यांना त्या दिंडीतून आत जाता येणार नाही त्यांना ती नापास म्हणून गावी परत धाडीत असे. न्येरेरे यांचा आग्रह असा, की प्राथमिक शिक्षण स्वतःपुरते पूर्ण असावे आणि शाळेने शेती व श्रम यांच्याशी नाते जोडावे. १९३७ च्या वर्धा परिषदेतील नयी तालीमची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. पहिले गांधी शांतता पारितोषिक १९९५ साली भारत सरकारने न्येरेरे यांनाच दिले, तेही उचित झाले.

नोव्हेंबर १९७४ मध्ये मुसोमा येथे पक्षाने ठरविले की १९७७ पर्यंत प्रत्येक मूल शाळेत आले पाहिजे. शिक्षक नव्हते, तेव्हा सातवी झालेल्या तरुणांना हजारोंच्या संख्येने गावातच तयार करण्यात आले. ही घाई होती आणि तिची किंमत वर्गांतून मोजावी लागली, हे समाजवाद्यांनी लपविण्याचे कारण नाही. शाळेच्या शेतावर पुष्कळ ठिकाणी मुले नुसतीच राबली आणि परीक्षा पूर्वीचीच राहिली. नयी तालीमची आपल्याकडे जी गत झाली तिच्याशी हेही साम्य पडते. माध्यमिक शाळांत तर शंभरातील तीन-चार मुलेच पोचत. तरीही ज्या देशात १९६७ साली दोनतृतीयांशांहून अधिक प्रौढ निरक्षर होते, तेथे दोन दशकांत साक्षरता हा खेड्यांचा व्यवहार बनला. सरकारने १९८६ साली केलेला ९० टक्क्यांचा दावा अतिशयोक्त मानला तरी ही मजल लहान ठरत नाही.

त्यानंतर नाणेनिधी आला. १९८६ च्या करारानंतर खर्चाला कात्री लागली. पालकांकडून वर्गणी व फी घेणे रूढ होत गेले. जवळजवळ सर्व मुले एकदा शाळेत आणलेल्या या देशात नावनोंदणी पुढील दशकात घसरत गेली. इतरत्रही हेच घडत होते. झिंबाब्वेत १९७९ साली प्राथमिक शाळांत सुमारे ८ लाख मुले होती, स्वातंत्र्य मिळताच १९८० मध्ये ती १२ लाखांवर गेली. माध्यमिक शाळांतील संख्या ६५-७० हजारांवरून पाच-सहा वर्षांत ५ लाखांच्या आसपास पोचली. एकाच वर्गात दोन पाळ्या भरू लागल्या. परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्यांची टक्केवारी कोसळली आणि 'दर्जा गेला' अशी ओरड झाली. परंतु उत्तीर्ण झालेल्यांची संख्या कितीतरी वाढली होती. पूर्वी ज्यांना परीक्षेला बसूच दिले जात नव्हते त्यांची मुले आता नापास होण्याइतपत पुढे आली होती. १९९१ मध्ये तेथेही समायोजनाचा कार्यक्रम आला आणि शहरी प्राथमिक शाळांत फी सुरू झाली. पुढे २००८ च्या भयंकर चलनफुगवट्यात शिक्षकांचा पगार बसभाड्यालाही पुरेना, शाळा वर्षभर जेमतेमच भरल्या. त्या अनर्थाचे खापर मात्र नाणेनिधीवर फोडून मोकळे होता येणार नाही. त्याचा धनी हरारेतील सत्ताधारी पक्ष आहे.

'सर्वांना शाळा दिली की दर्जा जातो' हा सिद्धान्त फी उठविण्याच्या दुसऱ्या लाटेत पुन्हा ऐकू आला. मलावीने १९९४ साली फी रद्द केली व पटसंख्या १९ लाखांवरून ३० लाखांच्या घरात गेली. युगांडात १९९७ मध्ये ती ३० लाखांवरून ५३ लाख झाली. केनियात २००३ साली ५९ लाखांची ७२ लाख झाली; तेथे पुढच्याच वर्षी ८४ वर्षांचे किमानी मारुगे यांनी पहिलीत नाव घातले. मलावीत शंभराहून अधिक मुलांचे वर्ग झाले, पुस्तके पुरली नाहीत, आणि २००७ च्या पाहणीत तो देश ४३४ गुणांनी तळाशी राहिला. सिद्धान्तवाद्यांना एवढे उदाहरण पुरते. केनियाचे ते सांगत नाहीत: २००० साली ५४७ व फी उठल्यानंतर २००७ साली ५४३, म्हणजे जवळजवळ जसेच्या तसे. टांझानियाचे तर मुळीच नाही. तेथे प्राथमिक शाळेतील फी उठली, त्या २००२ साली पहिलीत शिरलेली मुलेच २००७ मध्ये सहावीत होती, आणि ५४६ चे ५७८ झाले ते त्यांच्या काळात. अर्थात या आकड्यालाही वर सांगितलेल्या मर्यादा आहेत, तेव्हा त्याचाही फार डांगोरा पिटू नये.

खाजगीकरणाचे प्रयोगही झाले. लायबेरियाने २०१६ साली ९३ सरकारी शाळा कंपन्या व संस्थांच्या हवाली केल्या. पहिल्या वर्षी मुलांचे शिक्षण काहीसे सुधारले, हे तटस्थ पाहणीत दिसले व ते मान्य केले पाहिजे. त्याच पाहणीत असेही आढळले की दर मुलामागे खर्च सरकारी शाळांहून कितीतरी अधिक झाला आणि एका कंपनीने वर्ग लहान ठेवण्यासाठी जादा मुलांना बाहेर काढले. बाहेर काढलेली मुले कोणाच्या सरासरीत मोजायची?

आता फ्रेंच वारसा असलेल्या देशांकडे पाहू. तेथे 'पासेक' ही वेगळी पाहणी होते. २०१४ साली १० देशांतील दुसरीच्या मुलांची भाषा तपासली, तेव्हा एकंदरीत ७० टक्क्यांहून अधिक मुले किमान पातळीच्या खाली होती. एकच देश सर्वस्वी निराळा निघाला: बुरुंडी. जगातील अत्यंत दरिद्री देशांपैकी एक, यादवी युद्धाने पोळलेला. आणि तेथील दर पाच मुलांपैकी चौघांनी ती पातळी गाठली होती. बुरुंडीतील मूल प्रारंभी किरुंडीत शिकते, शिक्षकही किरुंडीच बोलतो, आणि चाचणीही किरुंडीतच झाली. इतर देशांतील बहुतेक मुले पहिल्या दिवसापासून अशा फ्रेंचमध्ये बसविली जातात, जी घरी कोणी बोलत नाही.

टांझानियाने हा प्रश्न अर्धाच सोडविला. सातवीपर्यंत स्वाहिली आणि त्यानंतर एकाएकी इंग्रजी, अशी तेथील रचना न्येरेरे यांच्या काळापासून आजतागायत चालू आहे. माध्यमिक शाळेच्या २०१२ च्या अंतिम परीक्षेत सुमारे ६० टक्के मुले पूर्णतः नापास झाली. गदारोळ उठला, सरकारने निकाल रद्द करून गुणदान बदलले. माध्यमाचा प्रश्न जेथल्या तेथेच राहिला.

एवढ्यावरून मातृभाषा दिली की काम झाले, असा निष्कर्ष कोणी काढील तर दक्षिण आफ्रिका त्याला अडवील. तेथे चौथीच्या मुलांची वाचनचाचणी देशातील ११ भाषांत, शाळेच्या माध्यमानुसार, घेतली गेली. २०१६ मध्ये ७८ टक्के मुलांना वाचलेल्याचा अर्थ लागला नाही. महामारीत शाळा बंद राहिल्यानंतर २०२१ मध्ये ८१ टक्क्यांना. आफ्रिकी भाषांत शिकणारी मुले सर्वांत मागे होती. याचे कारण त्या भाषांत नाही. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने काळ्या मुलांवर मातृभाषेचे माध्यम लादले ते त्यांना मजुरीपलीकडे जाऊ न देण्यासाठी. वर्गांत पुस्तके नाहीत, शिक्षक अर्धशिक्षित, आणि गोऱ्या मुलावरील खर्च कितीतरी पट. १९७४ मध्ये त्यात आफ्रिकान्सची सक्ती आली आणि १६ जून १९७६ रोजी सोवेटोत शाळकरी मुलांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ज्या भाषेचा कोंडवाडा म्हणून वापर झाला, तिच्याकडे आईबाप संशयाने पाहतात व इंग्रजी मागतात, यात नवल ते काय? त्यांना भाषाप्रेमाची व्याख्याने देणाऱ्यांनी आपली मुले कोठे घातली आहेत, हेही ते पाहत असतात.

१९९४ नंतरच्या लोकशाही सरकारने कायद्यातील वर्णभेद काढला. परंतु १९९६ च्या शाळा कायद्याने पालकांच्या नियामक मंडळांना फी आकारण्याचा व शाळेची भाषा ठरविण्याचा अधिकार दिला. पूर्वीच्या गोऱ्या शाळांत आता काळ्या मध्यमवर्गाचीही मुले आहेत, कारण दरवाजा वर्णाऐवजी फीवर उघडतो. खेड्यांतील व वस्त्यांतील बहुसंख्य शाळा २००७ पासून निःशुल्क झाल्या, पण तेथील वाचनाचे आकडे वर आलेच आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांनी दुरुस्ती कायद्यावर सही केली आणि प्रवेश व भाषा यांबाबतचा अखेरचा शब्द नियामक मंडळांकडून प्रांतिक खात्याकडे गेला. संयुक्त सरकारातील भागीदार पक्षानेच या कलमांना कडाडून विरोध केला. २०२५ पासून बऱ्याच शाळांत चौथीला गणित व विज्ञान हे विषय घरच्या भाषेत आणि इंग्रजीत असे जोडीने शिकविणे सुरू झाले आहे. पूर्वी नेमक्या याच इयत्तेत मुले एकदम इंग्रजीत ढकलली जात. हा पहिला वर्ग सातवीत पोचेल तो २०२८ साली. त्याच्या हाती तोवर खोसा, झुलू, सेपेडीतील विज्ञानाची पुस्तके पडतात की नाही, आणि त्याची चाचणी कोणत्या भाषेत घेतली जाते, हे पाहावयाचे आहे.