जुन्या इंजिनाचा जीर्णोद्धार

सक्करदऱ्याहून उमरेडकडे जाणाऱ्या रस्त्यानें नागपूर मागें पडूं लागलें कीं, काळ्या मातीचा मुलूख लागतो. तेथील पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारीं ट्रॅक्टर आहे, पण तो दुसऱ्याच्या हातून आलेला. त्याच्या नळींतून निळसर धूर येऊं लागला, तेल भराभर सरूं लागलें व ब्रीदरमधून वायु फुसफुसूं लागला, म्हणजे इंजिन खोलावें लागेल असें मिस्त्री सांगतो. मालकापुढें प्रश्न पैशाचा असतोच. त्याहून मोठा असतो तो मृगाचा. इंजिन वेळेवर बांधलें गेलें नाहीं, तर पेरणीचा वाफसा त्याच्यासाठीं थांबत नाहीं.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचें इंजिन १८९७ सालीं औग्सबुर्ग येथें कसोटीस उतरलें. त्यांत ठिणगी नाहीं. हवा सुमारें सोळा ते वीस पट दाबली जाते, त्या दाबानेंच ती तापते आणि आंत फवारलेलें तेल पेट घेतें. तेव्हां सिलिंडरची भिंत, पिस्टन व रिंगा यांची जुळणी बिघडली कीं दाब निसटतो. आणि दाब निसटला कीं इंजिनाचा प्राणच निसटतो.

ही झीज सर्वत्र सारखी होत नाहीं. पिस्टन जेथें वर जाऊन वळतो, तेथें उष्णता अधिक व तेल कमी. म्हणून तेथें भिंत अधिक खाल्ली जाते व वर एक कंगोरा राहतो. शिवाय पिस्टनचा रेटा एका अंगास पडत असल्यानें वाटोळें भोंक लंबवर्तुळ होतें. म्हणून जाणता कारागीर बोट फिरवून निकाल देत नाहीं. वर, मध्यें व खालीं, दोन्ही दिशांनीं माप घेतो.

येथेंच होनिंगविषयींचा एक गैरसमज दूर झाला पाहिजे. होनिंगचे बारीक दगड तेलांत भिजवून सिलिंडरमध्यें फिरवितात व त्याच वेळीं वरखालीं नेतात. त्यामुळें भिंतीवरील गुळगुळीत झिलई जाते व एकमेकींस तिरप्या छेदणाऱ्या रेघांची जाळी उमटते. त्या रेघांत तेल टिकतें व नव्या रिंगा लवकर बसतात. परंतु झिजलेलें भोंक होनिंगनें पुन्हां वाटोळें होत नाहीं. झीज मर्यादेपलीकडे गेली असेल, तर बोअर वाढवून मोठा पिस्टन घालावा लागतो, अथवा लायनर बदलावा लागतो. हा खर्च वांचवून नुसत्या रिंगा टाकणारा मालक कांहीं दिवसांतच दुप्पट खर्चांत पडतो.

होनिंगनंतरची धुलाई हें काम दिसतें क्षुद्र, पण तेथेंच पुष्कळ इंजिनें बिघडतात. रॉकेलनें दगडाचा चुरा पुरता निघत नाहीं. गरम पाणी, साबण व ब्रश यांनीं भिंत घासावी; मग पांढऱ्या फडक्यास तेल लावून पुसावें. फडकें करडें होत आहे तोंपर्यंत काम संपलें नाहीं. धुतलेली भिंत लगेच तेलानें माखावी, नाहींतर गंज चढतो. नंतर प्रत्येक रिंग सिलिंडरमध्यें ठेवून तिच्या तोंडांतील फट मोजावी. फट अपुरी असेल तर तापल्यावर टोकें भिडतात व रिंग मोडते.

सर्व झालें तरी एक प्रश्न उरतो: इंजिन झिजलें कां? पुष्कळदां उत्तर हवेच्या गाळणींत सांपडतें. तिच्यांतील तेल वेळेवर बदललें नाहीं, किंवा तिच्यामागील रबरी नळी फाटली, तर शेताची धूळ सरळ सिलिंडरांत जाते. कारण तसेंच ठेवून केलेली दुरुस्ती म्हणजे फुटक्या घागरींत भरलेलें पाणी.

बांधलेलें इंजिन पहिले कांहीं तास फार वेळ रिकामें चालवूं नये, आणि एकदम नांगरासहि जुंपूं नये. मध्यम ओझ्यावर चालवून पहिलें तेल लवकर बदलावें. ज्या शेतकऱ्यानें माप, धुलाई व गाळणी या तीन गोष्टी मिस्त्र्याजवळ उभें राहून पाहिल्या, त्याचा जुना ट्रॅक्टर मृगाच्या पहिल्या वाफशावर शेतांत उभा राहण्याची आशा धरावयास हरकत नाहीं.