मॉरिशस : सवलती संपल्यानंतर

(व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



मॉरिशसचे नाव निघाले की आपल्याकडे दोन चित्रे डोळ्यांपुढे येतात. एक पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातीतील निळ्याशार समुद्राचे आणि दुसरे महाशिवरात्रीला गंगा तलावाच्या वाटेवर लोटणाऱ्या भाविकांचे. दोन्ही खरी आहेत. पण देशाची प्रकृती जाहिरातीवरून कळत नाही आणि उत्सवावरूनही कळत नाही. ती कळते त्याच्या जमाखर्चावरून, आणि घरातील तरुण मुलगा सकाळी उठून कोठे जातो यावरून. आजच्या विषयाचा रोख तिकडे आहे.

प्रथम आकार लक्षात घ्यावा. मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरचे, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण तिप्पट. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या एक दशांश. आफ्रिकेचा किनारा सुमारे दोन हजार किलोमीटर दूर. भूगर्भात तेल नाही, कोळसा नाही, धातू नाहीत. इतकेच काय, या बेटाला मूळ रहिवासीही नव्हते. डच लोक १५९८ मध्ये उतरले आणि १७१० मध्ये बेट सोडून गेले. त्यांच्या काळात डोडो पक्ष्याचा वंश संपला. नंतर फ्रेंच आले, त्यांनी आफ्रिकेतून आणि मादागास्करमधून गुलाम आणले. १८१० मध्ये बेट इंग्रजांनी जिंकले. १८३५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. पण उसाच्या मळ्यांची माणसांची भूक संपली नव्हती. ती भागविण्यासाठी हिंदुस्थानकडे पाहिले गेले.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून ३६ करारबद्ध मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. पुढील सुमारे पाऊणशे-ऐंशी वर्षांत ही संख्या साडेचार लाखांच्या पुढे गेली. बहुसंख्य बिहार आणि पूर्वेकडील प्रांतांतले, त्यांच्यासोबत तमिळ आणि तेलुगू. मुंबई बंदरातूनही जहाजे सुटत, आणि त्यांत कोकणातील व घाटावरील मराठी कुळे होती. बंदरावरील ज्या पायऱ्या चढून ही माणसे बेटावर आली, तो अप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा म्हणून जपला जात आहे. 'तेथे दगड उलटला की खाली सोने सापडते' असे दलाल सांगत, अशी लोककथा बेटावर आजही सांगितली जाते. दगड मात्र भरपूर सापडले. ज्वालामुखीच्या त्या भूमीतून मजुरांनी हातांनी उपसून रचलेले काळ्या दगडांचे ढीग आजही उसाच्या शेतांत उभे दिसतात.

या माणसांनी एक गोष्ट अशी केली की जिच्यावाचून पुढचा इतिहास समजत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साखरेचे भाव पडले, तेव्हा मळेवाल्यांनी न परवडणाऱ्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. पोटाला चिमटा घेऊन साठवलेल्या पैशातून त्या करारबद्ध मजुरांनी विकत घेतल्या. मजुराचा शेतकरी झाला. संध्याकाळी गावातील बैठकेत मुले अक्षरे गिरवू लागली. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजी या बेटावर काही दिवस थांबले होते. मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला, हा त्यांचा सल्ला होता. त्यांच्या सूचनेवरून १९०७ मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर तेथे गेले. दांडीयात्रेचा दिवस म्हणून १२ मार्च ही तारीख निवडून १९६८ मध्ये मॉरिशस स्वतंत्र झाला. मजुराचे पुत्र सर शिवसागर रामगुलाम पहिले पंतप्रधान झाले.

येथवरचा भाग अभिमानाचा आहे आणि आपल्याकडे तो आवडीने सांगितला जातो. भाषणे बहुधा येथेच संपतात. अडचणीचा भाग पुढे आहे.

स्वातंत्र्याच्या वेळी या देशाचे भवितव्य जाणकारांनी जवळजवळ निकालात काढले होते. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड, ज्यांना पुढे १९७७ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला, त्यांनी १९६१ मध्ये बेटाच्या अर्थव्यवस्थेवर अहवाल दिला. हिवताप आटोक्यात आल्यामुळे लोकसंख्या वर्षाला तीन टक्क्यांच्या गतीने वाढत होती. निर्यातीतील नव्वद टक्क्यांहून अधिक भाग एकट्या साखरेचा होता, आणि ती साखर दर काही वर्षांनी येणाऱ्या चक्रीवादळाच्या मर्जीवर होती; १९६० च्या 'कॅरोल' वादळाने बेट झोडपून काढले होते. जमीन तेवढीच, पीक एकच, खाणारी तोंडे वाढती. मीड यांचे अनुमान निराशेचे होते. १९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मते स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली होती, आणि जानेवारी १९६८ मध्ये राजधानीत जातीय दंगली उसळून ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले होते. व्ही. एस. नायपॉल यांनी १९७२ मध्ये या बेटावर निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच बेटाला गुलामांच्या गच्च भरलेल्या कोठडीची उपमा आहे.

हे भाकीत खोटे ठरले. कसे ठरले, ते बारकाईने पाहिले पाहिजे.

पहिला हात साखरेने दिला. १९७५ च्या लोमे करारात युरोपने आपल्या जुन्या वसाहतींकडून ठरावीक साखर हमीभावाने घेण्याचे मान्य केले. त्यात सर्वांत मोठा वाटा मॉरिशसला मिळाला, वर्षाला सुमारे पाच लाख टन. हा भाव कित्येकदा जागतिक बाजारभावाच्या दुपटी-तिपटीने असे. त्याच सुमारास प्राध्यापक एदुआर लिम फात यांच्या प्रयत्नांतून १९७० मध्ये निर्यात उद्योगांचा कायदा झाला होता. दुसरा हात या उद्योगांनी दिला. श्रीमंत देशांनी कापडावर कोटा बसविला होता. हाँगकाँगच्या कारखानदारांचा कोटा भरला होता, मॉरिशसचा रिकामा होता. म्हणून ते येथे आले. ज्या घरांतील मुली उसाच्या शेताखेरीज कोठे गेल्या नव्हत्या, त्या स्वेटर आणि सदरे शिवू लागल्या, महिन्याचा पगार घरी आणू लागल्या. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी पाच माणसांत एक बेकार होता. दशक संपताना कामाला माणूस मिळेना. मुलीचे लग्न उशिरा होऊ लागले, मुले दोनच होऊ लागली. लोकसंख्येचा जो स्फोट मीड यांना दिसला होता, तो शाळा, दवाखाना आणि शिवणयंत्र यांनी मिळून विझविला.

तिसरा हात भारताने दिला, आणि हे फारसे ठाऊक नसते. १९८२ मध्ये दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार झाला. त्यानुसार मॉरिशसमधील कंपनीने भारतातील समभाग विकून नफा मिळविला, तर त्यावर कर आकारण्याचा अधिकार मॉरिशसचा. आणि मॉरिशस अशा नफ्यावर कर घेत नसे. १९९१ नंतर आपली दारे उघडली आणि जगातील भांडवल पोर्ट लुईमार्गे येऊ लागले. २००० नंतरच्या दीड दशकात भारतात आलेल्या थेट परकीय गुंतवणुकीपैकी सुमारे एक तृतीयांश या चिमुकल्या बेटावरून आली, असे आपल्याच सरकारचे आकडे सांगतात. त्यातील काही पैसा मूळचा आपलाच, परदेशी पोशाख चढवून परत आलेला, हा आरोप वारंवार झाला. आझादी बचाओ आंदोलनाने हा प्रश्न न्यायालयात नेला. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने करार वैध ठरविला. पोर्ट लुईच्या वकिलांना, हिशेबनिसांना आणि बँकांना यातून चांगले दिवस आले.

आता या तिन्ही गोष्टींत सारखे काय आहे ते पाहावे. साखरेचा भाव ब्रुसेल्समध्ये ठरला, कापडाचा कोटा जागतिक व्यापाराच्या वाटाघाटींत आणि कराची सूट दिल्लीत. मेहनत बेटाची होती, शहाणपणही बेटाचे होते. पण किल्ली प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या खिशात होती.

आणि किल्ल्या एकेक करून फिरल्या. १ जानेवारी २००५ रोजी कापडाची कोटापद्धती संपली. हाँगकाँगच्या अनेक मालकांनी तत्पूर्वीच यंत्रे हलविली होती; हजारो स्त्रियांचे काम गेले, आणि चाळिशी ओलांडलेल्या शिवणकामगार बाईला संगणकाच्या नव्या कचेरीत कोणी घेत नाही. युरोपने २००६ पासून टप्प्याटप्प्याने साखरेचा भाव ३६ टक्क्यांनी उतरविला आणि २००९ मध्ये तो जुना करारच संपला. एके काळी सहा-सात लाख टन होणारे साखरेचे उत्पादन आता अडीच लाख टनांच्या आसपास आले आहे. मोठ्या कंपन्यांनी चिपाडापासून वीज, शुद्ध साखर, बंगले आणि हॉटेले असे मार्ग काढले. छोट्या शेतकऱ्याला ते शक्य नव्हते. पणजोबाने पोटाला चिमटा घेऊन घेतलेली एकर-दोन एकर जमीन पडीक टाकणे त्याला स्वस्त पडू लागले. मे २०१६ मध्ये भारताने करकरार बदलला आणि १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या समभागांवरील नफ्यावर कर आकारण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. भारताच्या दृष्टीने ते योग्यच होते, उशिरा झाले इतकेच. पण हा निर्णय ज्या बेटावर जाऊन पोहोचला, तेथे आपल्याच रक्ताची माणसे राहतात, ही जाणीव असायला हरकत नाही. पोर्ट लुईपासून जवळच्या एबेन येथील सायबर नगरी आणि २०१९ मध्ये धावू लागलेली मेट्रो भारताच्या अर्थसाह्याने उभी राहिली, हेही त्याच नात्यातले.

उरले पर्यटन. वर्षाला तेरा लाखांच्या पुढे, म्हणजे स्वतःच्या लोकसंख्येहून अधिक पाहुणे हा देश सांभाळतो. मार्च २०२० मध्ये विमाने थांबली आणि दीड वर्ष ते पुरते सावरले नाही. त्याच वर्षी २५ जुलैला 'वाकाशिओ' हे जपानी मालकीचे जहाज आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळात रुतले. सुमारे हजार टन तेल समुद्रात गेले. सरकारी यंत्रणा हलण्यापूर्वी गावकरी उसाचा पाचोळा कापडात भरून त्याचे लांब बांध शिवत बसले होते, हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळे एका रांगेत.

ती एकी नेहमीची आहे असे मानण्याचे कारण नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया या लोकप्रिय क्रिओल गायकाचा पोलिस कोठडीत मृत्यू झाला आणि बेट अनेक दिवस जळले. गुलामांचे वंशज असलेल्या क्रिओल समाजाला ना जमीन मिळाली होती, ना सरकारी नोकऱ्यांत वाटा. भारतीय वंशाच्या राज्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष दिले नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. त्याच्या आदल्या वर्षी चलनी नोटांवर हिंदी मजकूर तमिळच्या आधी छापला गेला म्हणून तमिळ समाज इतका संतापला, की त्या नोटा परत घ्याव्या लागल्या. दोन्ही भाषा भारताच्याच! संसदेत ६२ निवडून आलेल्या सभासदांखेरीज, ज्या समाजांना कमी जागा मिळाल्या त्यांच्यासाठी आठपर्यंत जागा राखलेल्या असतात. त्यांचे गणित आजही १९७२ च्या जनगणनेवर चालते, कारण त्यानंतर कोणाला त्याचा समाज विचारायचे धाडस कोणत्याही सरकारने केलेले नाही.

भाषेचे दुःख वेगळे आहे. २०११ च्या जनगणनेत घरात भोजपुरी बोलणारे जेमतेम पाच टक्के उरले होते. घरोघरी क्रिओल आली. मराठीही घरातून जवळपास गेली आहे. ती आता शाळेतल्या तासाला असते आणि गणेश चतुर्थीला असते, जी तेथे सार्वजनिक सुट्टी आहे.

मात्र आजचा सर्वांत कठीण प्रश्न यांपैकी कोणताच नाही. ज्या देशाला १९६१ मध्ये मुले फार म्हणून मरणाची भीती दाखविली गेली, त्याला आता मुलेच नाहीत. एका स्त्रीमागे सरासरी दीड मूलही होत नाही, सुमारे पाचांत एक माणूस साठीच्या पुढे आहे आणि एकूण लोकसंख्या किंचित घटू लागली आहे. हुशार मुलांना सरकार शिष्यवृत्ती देऊन परदेशी पाठवते. त्यांतली कित्येक परतत नाहीत. मागे राहिलेल्यांपैकी काहींना अमली पदार्थांनी धरले आहे. हा धंदा कोठवर पोहोचला आहे याची चौकशी करणाऱ्या आयोगाचा २०१८ चा अहवाल वाचवत नाही. प्रत्येक वृद्धाला निवृत्तिवेतन देण्याची योजना १९५८ पासून आहे आणि तिचा त्या देशाला रास्त अभिमान आहे. पण प्रत्येक निवडणुकीत ती रक्कम वाढविण्याची चढाओढ लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ६२ पैकी ६० जागा जिंकून नवीनचंद्र रामगुलाम पुन्हा पंतप्रधान झाले, तेव्हा सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या नव्वद टक्क्यांकडे चालले होते. जून २०२५ च्या अर्थसंकल्पात त्यांनी निवृत्तिवेतनाचे वय टप्प्याटप्प्याने साठवरून पासष्टवर नेण्याचे जाहीर केले. लोक रस्त्यावर उतरले. साठ जागा देणारेच त्यांत होते.

साखरेला भाव मागता येतो, कापडाला कोटा मागता येतो. तरुण माणूस कोणत्या करारात मागणार? मॉरिशस तोही करारानेच मिळवीत आहे. कापडाच्या कारखान्यांत, बांधकामांवर आणि पावाच्या भट्ट्यांवर आज बांगलादेश, नेपाळ, मादागास्कर आणि भारतातून ठरावीक मुदतीच्या करारावर आणलेले मजूर काम करतात. ते मालकाने दिलेल्या वसतिगृहात राहतात आणि मुदत संपली की परत पाठविले जातात. वेतन आणि राहण्याची जागा यांवरून तक्रारी होतात, कधी संपही होतो. ज्यांचे पणजोबा अंगठा उठवून अशाच करारावर आले होते, त्यांच्याच पंतवंडांच्या कचेऱ्यांत आता या परवान्यांवर शिक्के पडतात.