दालचिनीचं तेल : थेंब मोजून वापरा

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेत आयुष्य घालवलेला माणूस तेलावर काय बोलणार, असं काहींना वाटेल. पण मी मुळात रसायनशास्त्राचा पदवीधर, आणि बारीक अक्षरातला मजकूर वाचायची सवय बँकेने लावली. यंदा रौप्यमहोत्सवाच्या स्टॉलवर महिला मंडळ घरी केलेले साबण, क्रीम आणि मेणबत्त्या ठेवणार आहे. त्यात दालचिनीचं इसेन्शियल ऑइल घालायचं चाललं आहे, म्हणून चिटणीसांनी मला बोलायला सांगितलं. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

"नैसर्गिक आहे, मग काय होणार?" हे वाक्य मी या आवारात बऱ्याचदा ऐकलं. अहो, बिब्बाही नैसर्गिकच आहे. तो अंगावर उततो, हे आपल्या आजीला ठाऊक होतं. दालचिनीची गोष्ट त्याच जातीची आहे. मसाल्यात एक तुकडा पडतो. बाटलीत मात्र ढीगभर सालीचा अर्क उतरलेला असतो.

आता तेल कुठलं, ते पाहा. सालीच्या तेलात मुख्य घटक सिनॅमाल्डिहाइड. दालचिनीचा तो गोड-तिखट वास त्याचाच, आणि त्वचेला त्रास देणाराही तोच. पानाच्या तेलात मुख्यतः युजेनॉल असतं. लवंगेच्या तेलात असतं तेच, दाताच्या दवाखान्यात वास येतो तो. बाजारात जी जाड, कडक साल मिळते ती बहुधा कॅशिया. सिलोनी दालचिनी पातळ पापुद्र्यांची, विडीसारखी वळलेली असते. कॅशियाच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड भरपूर असतं. म्हणून बाटलीवर नुसतं 'दालचिनी तेल' लिहिलं असेल, तर साल की पान हे दुकानदाराला विचारा. सांगता आलं नाही, तर घेऊ नका.

प्रमाणाचं गणित सोपं आहे. टिसरँड आणि यंग यांच्या सुगंधी तेलांच्या सुरक्षिततेवरील ग्रंथात त्वचेसाठी सालीच्या तेलाची कमाल मर्यादा ०.०७ टक्के आणि पानाच्या तेलाची ०.६ टक्के दिली आहे. साधारण २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर. म्हणजे १०० मिलिलिटर खोबरेल तेलात सालीचं तेल फक्त एक थेंब, पानाचं फार तर बारा. ३० मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत सालीचा एकच थेंब टाकला, तरी मर्यादेच्या दुपटीहून जास्त होतं! साबण धुऊन जातो खरा, तरीही हेच प्रमाण धरावं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. भाजणं लगेच कळतं. ॲलर्जी तशी कळत नाही. पहिल्या काही वेळा काहीच होत नाही, मग एके दिवशी खाज, लाली, पुरळ येतं, तेही एक-दोन दिवसांनी. एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा जन्मभर राहते, आणि मग दालचिनीच्या वासाची टूथपेस्ट किंवा च्युइंगमसुद्धा चालत नाही. खात्यावरची ही नोंद खोडता येत नाही. म्हणून पातळ केलेलं मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून ४८ तास थांबा. निव्वळ तेल लावून चाचणी करू नका.

काही नियम पाठ करून ठेवा. चेहरा, ओठ, जखम आणि नाजूक जागी हे तेल नको. लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि इसब असलेल्यांना नको. आंघोळीच्या बादलीत टाकू नका. ते पाण्यात विरघळत नाही आणि तसंच अंगाला चिकटतं. हातावर सांडलं, तर आधी खोबरेल तेलाने पुसून काढा, मग साबणाने धुवा. डोळ्यात गेलं, तर भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जा. मुलाच्या पोटात गेलं, तर उलटी करायला लावू नका, बाटली बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठा.

मग सुगंधाची हौस सोडायची का? मुळीच नाही. खोलीत वास हवा असेल, तर पातेल्यात पाणी, दालचिनीचे दोन तुकडे आणि संत्र्याची साल घालून मंद आचेवर उकळा. खर्च नाही, धोका नाही. डिफ्यूझर असेल, तर दोन-तीन थेंब पुरे, खिडकी उघडी ठेवा आणि अर्ध्या तासाने बंद करा. मांजर पाळणाऱ्यांनी तेही टाळावं.

महिला मंडळाला एकच विनंती. मेणबत्तीत हे तेल खुशाल घाला, ते अंगाला लागत नाही. क्रीम-साबणात घालणार असाल, तर लेबलवर कुठलं तेल, किती टक्के आणि तयार केल्याची तारीख लिहा. युरोपात तर अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये सिनॅमल किंवा युजेनॉल ०.००१ टक्क्याहून जास्त असेल, तरी त्याचं नाव छापावं लागतं. तुमच्या हातची वस्तू शेजारीण न विचारता घेते, कारण तिचा पंचवीस वर्षांचा विश्वास आहे. ती घरी जाऊन नातवालाही लावेल. तेव्हा लेबल मोठ्या अक्षरात लिहा. आमच्यासारख्यांना चष्मा लावूनही बारीक दिसत नाही!

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा.